मासेमारीच्या परवान्याचं औषध

बर्लिंग्टन हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं सर्वांत मोठं शहर. वस्तीच्या मानाने मात्र ते आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंच. एका अंगाला शॅम्प्लेन सरोवर, दुसऱ्या अंगाला हिवाळ्यात बर्फाखाली जाणारे डोंगर. 1990 च्या आसपास इथल्या विद्यापीठाच्या एका दवाखान्यातले कर्मचारी रुग्णांसाठी बाजारहाट करत असत. यादीत काय काय असे? मासेमारीचा परवाना, स्कीइंगसाठी डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचा पास, सायकलचं सामान, कॅमेऱ्याचं सामान, पुढच्या शिक्षणाची पुस्तकं. रुग्ण होते कोकेनच्या व्यसनात सापडलेले, आणि खरेदीचा खर्च संशोधनाच्या खात्यावर पडत होता.

हे ज्यांच्या डोक्यातून निघालं ते स्टीफन हिगिन्स पेशाने मानसशास्त्रज्ञ. त्याच सुमाराला, 1990 मध्ये, व्यसनांवर संशोधन करणाऱ्या 'नायडा' या अमेरिकी सरकारी संस्थेने नवी औषधं शोधण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. कोकेनवर गोळी सापडणार, आज नाही तर उद्या, याबद्दल तेव्हा फारशा कुणाला शंका नव्हती. आजचा हिशेब काय? कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मंजूर केलेली गोळी एकही नाही. मासेमारीच्या परवान्याचा उपाय मात्र चाचणीमागून चाचणीत टिकून राहिला. आणि टिकूनही बहुतेक दवाखान्यांच्या दाराबाहेरच थांबला.

ही हकिकत उलट्या टोकाकडून सुरू होते, कारण कोकेनकडे डॉक्टरांचं लक्ष प्रथम वेधलं गेलं तेच मुळी व्यसनावरचा इलाज म्हणून. दक्षिण अमेरिकेतल्या कोका वनस्पतीच्या पानांतून हा पदार्थ जर्मनीत ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट नीमानने 1860 च्या सुमारास वेगळा काढला. पुढची वीसेक वर्षं त्याचं काय करावं हे कुणाला धड सुचलं नाही. मग अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात मॉर्फिनची सवय कोकाने सुटते अशा हकिकती येऊ लागल्या. त्या व्हिएन्नातल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या, पैशाची चणचण असलेल्या आणि लग्नासाठी उतावीळ झालेल्या डॉक्टरने वाचल्या. त्याचं नाव सिग्मुंड फ्रॉइड.

फ्रॉइडला रुग्ण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याचा मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सोव हा नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. शवविच्छेदन करताना त्याच्या अंगठ्याला संसर्ग झाला, अंगठा कापावा लागला, आणि उरलेल्या खुंटाच्या वेदनेने त्याला मॉर्फिनच्या आहारी नेलं. 1884 मध्ये फ्रॉइडने त्याला कोकेन दिलं. सुरुवातीचे दिवस चांगले गेले, तेवढ्यावर फ्रॉइडने उत्साहाने निबंध लिहून टाकला. वर्षभरात फ्लाइश्ल कोकेनच्या मोठमोठ्या मात्रा घेऊ लागला होता आणि अंगावर किडे वळवळत असल्याचे भास त्याला होत होते. मॉर्फिनही पुरतं सुटलं नाही ते नाहीच. 1891 मध्ये तो गेला. एक रुग्ण, तुलनेला दुसरा कुणी नाही, पाठपुरावा काही आठवड्यांचा, आणि निष्कर्ष काढणारा माणूस रुग्णाचा जिवलग मित्र! औषधचाचणीत जे जे करू नये त्याचा हा नमुना पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. पण फ्रॉइडला एकट्यालाच दोष देणं बरं नाही. त्या काळी बहुतेक औषधं अशीच 'सिद्ध' होत असत.

जर्मनीत ऱ्हाइनकाठी व्यसनी रुग्णांवर उपचार करणारा आल्ब्रेख्त एर्लेनमायर हा डॉक्टर फ्रॉइडवर तुटून पडला. दारू आणि मॉर्फिन यांच्यानंतर मानवजातीवर सोडलेलं हे तिसरं संकट, असं त्याने कोकेनबद्दल बजावलं. दरम्यान फ्रॉइडचाच सहकारी कार्ल कोलर याने दाखवून दिलं की कोकेनचे थेंब टाकल्यावर डोळा बधिर होतो. सप्टेंबर 1884 मध्ये हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञ परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला, तोही दुसऱ्याच्या तोंडून, कारण प्रवासखर्च कोलरला परवडणारा नव्हता. स्थानिक भूल जगाला मिळाली ती इथून.

ती बातमी न्यूयॉर्कला पोचली आणि विल्यम हॉल्स्टेड या तरण्याबांड शल्यविशारदाने स्वतःवर, सहकाऱ्यांवर, विद्यार्थ्यांवर कोकेन टोचून पाहायला सुरुवात केली. मज्जातंतूत सुई घालून अख्खा भाग बधिर करण्याचं तंत्र त्यातून निघालं. त्यातूनच हॉल्स्टेड आणि त्याचे काही सहकारी व्यसनी झाले. 1885 मध्ये त्याने लिहिलेल्या एका लेखाचं पहिलं वाक्य इतकं भरकटलेलं आहे की लेखकाची अवस्था त्यावरूनच कळावी. 1886 मध्ये त्याला प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात ठेवलं. तिथून तो बाहेर आला तो मॉर्फिन घेऊन. पुढे जॉन्स हॉपकिन्सचा पहिला मोठा शल्यविशारद म्हणून त्याने नाव काढलं, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रूढ केले, 1922 मध्ये वारला. मॉर्फिन त्याला बराच काळ सुटलेलं नव्हतं, हे हॉपकिन्समधले त्याचे सहकारी डॉक्टर विल्यम ऑस्लर यांची गुप्त टिपणवही 1969 मध्ये उघडल्यावर जगजाहीर झालं. व्हिएन्नात मॉर्फिनवर कोकेन दिलं आणि प्रॉव्हिडन्समध्ये कोकेनवर मॉर्फिन. एकोणिसाव्या शतकाचं व्यसनोपचारशास्त्र एवढंच होतं.

भारतही यातून सुटला नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत कलकत्ता, दिल्ली, मुंबई अशा शहरांत कोकेन चोरून विकलं जाई, आणि ते नाकाने ओढायची किंवा टोचून घ्यायची इथली रीत नव्हती. पानाच्या विड्यात घालून ते चघळलं जाई. माल आधी जर्मनीतून आणि पुढे जपानमधून येई. 'फुजित्सुरू' या जपानी छापाच्या पुड्यांनी तर राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनाही सतावलं होतं. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले राम नाथ चोप्रा यांनी सहकाऱ्यासह 1931 मध्ये भारतातल्या कोकेनच्या सवयीवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. रुग्णांना प्रत्यक्ष तपासून, त्यांच्या सवयी विचारून केलेलं इतकं बारकाईचं काम तेव्हा जगातही थोडंच झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाने जपानी माल बंद पाडला आणि पानातलं कोकेन हळूहळू विस्मरणात गेलं. पुरवठा आटल्याने व्यसन ओसरण्याचं हे एक उदाहरण. उपचारांना त्याचं श्रेय देता येत नाही.

अमेरिकेत अफू-कोकेनच्या विक्रीवर बंधनं घालणाऱ्या 1914 च्या हॅरिसन कायद्यानंतर कोकेन मागे पडलं. 1935 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला 'नार्कोटिक फार्म' उघडलं. ते अर्धं तुरुंग आणि अर्धं इस्पितळ होतं. व्यसनावरचं अमेरिकेतलं बरंचसं संशोधन तिथल्या कैद्यांवर झालं. प्रयोगात भाग घेतल्याचा मोबदला म्हणून कैद्यांना अफूजन्य औषधंच मिळत, हे 1975 च्या सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि कैद्यांवरचे प्रयोग थांबले. लेक्सिंग्टनचं सगळं लक्ष अफू, मॉर्फिन, हेरॉइनवर होतं. तिथल्या डॉक्टरांची व्यसनाची व्याख्याही अफूवरून बेतलेली: औषध तोडलं की घाम, जुलाब, उलट्या, अंगाचा थरकाप. कोकेन तोडल्यावर यातलं काहीच ठळक दिसत नाही. मग ते खरं व्यसनच नव्हे, मनाची सवय आहे, असं शहाणेसुरतेही म्हणू लागले. 1980 च्या एका प्रतिष्ठित मानसोपचार ग्रंथात आठवड्यातून दोन-तीनदा कोकेन घेणाऱ्याला गंभीर त्रास होत नाही असं छापलेलं होतं. त्याच वर्षीच्या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत कोकेनचा 'गैरवापर' होता, 'अवलंबित्व' नव्हतं. ते 1987 मध्ये आलं.

मधल्या सात वर्षांत क्रॅक आलं होतं. कोकेन शिजवून त्याचे खडे करायचे आणि त्याचा धूर ओढायचा. नशा काही सेकंदांत डोक्यात जाते आणि काही मिनिटांत उतरते, की पुन्हा तलफ. 1983 मध्ये न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयाने कोकेनग्रस्तांसाठी फोनसेवा सुरू केली आणि घंटी थांबेना. जून 1986 मध्ये लेन बायस हा बास्केटबॉलचा उगवता तारा बोस्टनच्या संघात निवड झाल्यानंतर दोनच दिवसांत कोकेनने गेला. काही महिन्यांत संसदेने कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅकला पाच वर्षं सक्तीची कैद, आणि तेवढीच शिक्षा भुकटीच्या कोकेनला व्हायची तर पाचशे ग्रॅम जवळ हवं. क्रॅकचे आरोपी बहुतांशी कृष्णवर्णीय होते, एवढं सांगितलं की या शंभरपटीचा अर्थ कळतो.

दवाखान्यांकडे मात्र द्यायला काही नव्हतं. हेरॉइनसाठी मेथाडोन होतं. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कला व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉन्डर यांनी ते रुळवलं होतं. कोकेनचा मेथाडोन कोणता, हा प्रश्न येल विद्यापीठात हर्बर्ट क्लेबर आणि फ्रँक गॉविन यांनी घेतला. क्लेबर तरुणपणी लेक्सिंग्टनला नोकरी करून आले होते. अफूच्या चष्म्यातून कोकेन पाहण्यातली गल्लत त्यांना आतून ठाऊक होती. या दोघांनी 1986 मध्ये तीस रुग्णांच्या निरीक्षणावरून कोकेन सोडल्यानंतरच्या अवस्था मांडल्या: आधी गाढ थकवा आणि झोप, मग आठवडेच्या आठवडे कशातच रस न वाटण्याची कोरडी उदासी, आणि त्यानंतर महिनोन्महिने अधूनमधून उसळणारी तलफ. उलट्या नाहीत, घाम नाही, पण व्यसन पक्कं.

मधल्या त्या उदासीवर नैराश्याची गोळी चालेल का? तर्क सरळ होता. गोळीचं नाव डेसिप्रामिन. 1989 मध्ये चाचणीचा निकाल छापून आला. 72 रुग्ण, सहा आठवडे, कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. सलग तीन-चार आठवडे कोकेनपासून दूर राहिलेले किती? डेसिप्रामिनवाल्यांत 59 टक्के, तुलनेसाठी लिथियम हे दुसरं औषध दिलेल्यांत 25 टक्के, आणि नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत 17 टक्के. फ्रॉइडच्या एका मित्रापासून इथवर यायला शतक लागलं होतं, आणि आता आकडे बोलत होते. देशभर डॉक्टर डेसिप्रामिन लिहून देऊ लागले.

मग दुसऱ्यांनी तीच चाचणी केली. तिसऱ्यांनी केली. फरक दिसेना. नैराश्याच्या औषधांवरच्या 37 चाचण्या एकत्र करून 2011 मध्ये घेतलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की कोकेन सोडवायला यांचा उपयोग असल्याचा पुरावा नाही.

असं का व्हावं? कोकेनच्या चाचण्यांचा एक मूळ दोष आहे: रुग्ण टिकत नाहीत. निम्मे लोक मधेच यायचे बंद होतात. जे टिकतात ते आधीपासूनच निर्धाराचे, किंवा कमी आजारी. सत्तर-ऐंशी रुग्णांच्या चाचणीत चार-पाच निर्धारी माणसं योगायोगाने औषधाच्या बाजूला पडली तरी टक्केवारी फुगते. शिवाय चाचणीत असणं हाच एक उपचार असतो. आठवड्यातून तीनदा कुणीतरी वाट पाहतंय, विचारपूस करतंय, लघवी तपासतंय, एवढ्यानेही लोक सुधारतात, गोळी खरी असो की खोटी.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ज्या गोळ्या आल्या त्यांची नावं बदलली, गोष्ट तीच राहिली. अपस्माराची, पार्किन्सनची, जागरणाची, दारू सोडवण्याची औषधं एकामागून एक कोकेनवर लावून पाहिली गेली. झोपेच्या विकारावरच्या मोडाफिनिलने 2005 मध्ये 62 रुग्णांत आशा दाखवली; 2009 च्या 210 रुग्णांच्या चाचणीत ती विरली. अपस्मारावरचं व्हिगाबॅट्रिन मेक्सिको सिटीत 103 रुग्णांना देऊन पाहिलं, शेवटचे तीन आठवडे कोरडे राहिलेले 28 टक्के विरुद्ध साडेसात टक्के असा घसघशीत निकाल आला, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फरकच उरला नाही. लहान चाचणीत गुण, मोठ्या चाचणीत शून्य. इतक्या नियमाने हे घडत गेलं की एखाद्या नव्या गोळीच्या पहिल्या बातमीवर विश्वास ठेवणं जाणत्यांनी सोडून दिलं.

बिनगोळीच्या उपायांतही हे झालं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये लिंकन रुग्णालय आहे. 1970 मध्ये पोर्तोरिकन तरुणांच्या 'यंग लॉर्ड्स' संघटनेने ते ताब्यात घेतलं आणि त्या चळवळीतून तिथे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. मेथाडोन म्हणजे गरिबांना गुंगीत ठेवायचं सरकारी साधन, असा या कार्यकर्त्यांचा राग. त्याऐवजी त्यांनी चिनी ॲक्युपंक्चर उचललं. दोन्ही कानांत पाच-पाच सुया टोचून तासभर शांत बसायचं. क्रॅकच्या लाटेत ही पद्धत अमेरिकाभर पसरली, न्यायालयंही आरोपींना तिकडे पाठवू लागली. येलमध्ये 82 रुग्णांवर केलेल्या चाचणीत 2000 मध्ये तिला गुणही दिसला. मग सहा ठिकाणी 620 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला कानावर भलत्याच जागी सुया, तिसऱ्याला नुसती मन शांत करणारी चित्रफीत. जानेवारी 2002 मध्ये निकाल आला: तिन्ही गट सारखेच. संशोधकांत येलचे तेच लोक होते आणि क्लेबरही होते. आधीचं स्वतःचंच यश मोठ्या चाचणीत टिकलं नाही हे त्यांनी रीतसर छापलं. व्यसनशास्त्रात असा प्रांजळपणा फार वेळा दिसत नाही.

लसीची कथा सगळ्यांत चटका लावणारी. कोकेनचा रेणू इतका लहान की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. म्हणून तो पटकीच्या जंतूच्या विषातल्या एका निरुपद्रवी भागाला जोडायचा आणि टोचायचा. प्रतिपिंडं तयार झाली की ती रक्तातलं कोकेन धरून ठेवतील, मेंदूपर्यंत जाऊच देणार नाहीत. थॉमस कोस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 115 रुग्णांना बारा आठवड्यांत पाच टोचण्या दिल्या. 2009 मध्ये निकाल आला तेव्हा कळलं, पुरेशी प्रतिपिंडं फक्त 38 टक्क्यांतच तयार झाली होती. ज्यांच्यात झाली त्यांना नशा येईना. मग त्यांतल्या काहींनी काय केलं? नशा येईपर्यंत मात्रा वाढवत नेली. एरवीच्या दहापट कोकेन काहींच्या शरीरात सापडलं. एकाहून अधिक विक्रेत्यांकडून माल घेऊन कफल्लक झालेले रुग्णही निघाले. लस आपलं काम चोख करत होती, तलफ आपलं. 300 रुग्णांवरची पुढची चाचणी 2014 मध्ये छापली गेली. खऱ्या आणि खोट्या लसीत फरक नव्हता. ब्राझीलमध्ये मीनास जेराइसच्या विद्यापीठात वेगळ्या रचनेच्या लसीवर काम चालू आहे, 2023 मध्ये तिला मोठं पारितोषिकही मिळालं, पण तोवर ती प्राण्यांच्या पलीकडे गेलेली नव्हती.

आता पुन्हा हिगिन्स. त्यांच्या विचाराचं मूळ मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातं: ज्या वागण्याला फळ मिळतं ते वागणं वाढतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की कोकेनसाठी खटका दाबणारा प्राणीसुद्धा, शेजारी दुसरं काही हवंसं ठेवलं तर, पुष्कळदा तिकडे वळतो. हिगिन्स यांनी हेच माणसाला लावलं. कोकेनचे अवशेष लघवीत दोन-तीन दिवस सापडतात, म्हणून तपासणी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. मधे चोरवाट राहू नये. पहिला स्वच्छ नमुना दिला की अडीच डॉलरचं कूपन. पुढच्या प्रत्येक सलग स्वच्छ नमुन्याला सव्वा डॉलरची वाढ. लागोपाठ तीन स्वच्छ आले की वर दहा डॉलर. आणि एकदा जरी कोकेन सापडलं, किंवा नमुना द्यायला माणूस आलाच नाही, तर पुन्हा अडीच डॉलरवर. बारा आठवडे एकही चूक न करणाऱ्याला 997 डॉलर 50 सेंट. रोख पैसे हातात कधीच पडायचे नाहीत. कुपनाची वस्तू कर्मचारी आणून देणार, आणि ती वस्तू रुग्णाच्या आयुष्याला वळण देणारी हवी. पहाटे उठून मासे धरायला जाणारा माणूस रात्रभर क्रॅक ओढत बसत नाही, हा त्यामागचा हिशेब.

निकाल नजरेत भरणारे होते. 1993 च्या चाचणीत 38 रुग्ण होते. चोवीस आठवडे पूर्ण करणारे कूपनाच्या गटात 58 टक्के, नेहमीच्या समुपदेशनात 11 टक्के. टीकाकार म्हणाले, कूपनाबरोबर तुम्ही समुपदेशनही वेगळं आणि जास्त चांगलं देत होता. आक्षेप रास्त होता. 1994 मध्ये हिगिन्स यांनी 40 रुग्णांना अगदी एकसारखं समुपदेशन दिलं आणि फक्त निम्म्यांनाच कूपनं. टिकले 75 टक्के विरुद्ध 40 टक्के. सलग स्वच्छ राहण्याचा सरासरी काळ जवळजवळ बारा आठवडे विरुद्ध सहा. व्हरमाँटचे रुग्ण बहुतेक गोरे आणि गावाकडचे, महानगरात हे चालणार नाही, असा पुढचा आक्षेप निघाला. बाल्टिमोरच्या गरीब वस्त्यांतल्या, हेरॉइनसाठी मेथाडोन घेणाऱ्या आणि वर कोकेनही घेणाऱ्या रुग्णांतही ते चाललं.

हजार डॉलर दवाखान्याने आणायचे कुठून, या आक्षेपाला मात्र उत्तर नव्हतं. ते कनेटिकटच्या नॅन्सी पेट्री यांनी शोधलं. टेबलावर एक मोठं भांडं, त्यात पाचशे चिठ्ठ्या. निम्म्यांवर नुसतं 'शाब्बास'. दोनशेच्या वर चिठ्ठ्यांना डॉलरभराची वस्तू, चाळिसांना वीस डॉलरची, आणि एकाच चिठ्ठीला टीव्हीसारखं मोठं बक्षीस. स्वच्छ नमुना दिला की चिठ्ठी काढायची, जितके नमुने सलग तितक्या चिठ्ठ्या जास्त. खर्च कूपनापेक्षा बराच कमी. आठ दवाखान्यांतल्या 415 रुग्णांवर ही पद्धत वापरली, तेव्हा बारा आठवडे सलग स्वच्छ राहिलेले निघाले जवळपास 19 टक्के. चिठ्ठ्या नसलेल्या गटात पाच टक्क्यांच्या आत. आकडे छोटे वाटतात, पण तुलनेला ठेवलेल्या गटाच्या जवळजवळ चौपट यश दुसऱ्या कोणत्याच उपायाने इतक्या रुग्णांत दाखवलं नव्हतं. व्यसनी माणसाला सोडतीची चटक लावणं हा जुगार नव्हे का? पेट्री या स्वतः जुगाराच्या व्यसनाच्या जाणकार संशोधक. त्यांनी तेही तपासलं. चिठ्ठ्यांमुळे रुग्णांचा जुगार वाढला नाही.

2021 मध्ये 157 अभ्यास आणि पंधरा हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित आढावा निघाला. गोळ्या, समुपदेशन, सगळे उपाय त्यात होते. लघवीच्या तपासणीत फरक पाडणारा उपाय एकच ठरला: बक्षिसांचा.

दोष त्यातही आहेत. कूपनं थांबली की पुष्कळांचा पाय पुन्हा घसरतो. त्याचे समर्थक म्हणतात, रक्तदाबाची गोळी थांबवली तरी रक्तदाब वाढतोच, मग त्या गोळीला कुणी निरुपयोगी म्हणत नाही. मुद्दा बिनतोड आहे, पण तो ऐकणाऱ्याच्या गळी उतरत नाही. कारण खरी अडचण विज्ञानाची नाहीच. जे सामान्य माणूस फुकट करतो, म्हणजे कोकेन न घेणं, त्याबद्दल व्यसनी माणसाला बक्षीस का द्यायचं, हा प्रश्न करदात्यालाही पडतो आणि खुद्द व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकालाही. त्यांतले बरेचजण स्वतः व्यसनातून निर्धाराने बाहेर आलेले असतात; कुणी त्यांना डॉलर दिलेले नसतात. याच लोकांनी लसीवर, गोळ्यांवर कोट्यवधी डॉलर गेले तेव्हा हरकत घेतली नव्हती, हे नोंदवायला हवं.

त्यात कायद्याची पाचर. रुग्णांना पैसे देऊन सरकारी विम्याची बिलं वाढवणाऱ्या लबाड दवाखान्यांसाठी अमेरिकेत लाचप्रतिबंधक नियम आहेत. त्यांच्या धास्तीने सरकारी अनुदानातून रुग्णामागे वर्षाला 75 डॉलरहून अधिक बक्षिसं देऊ नयेत असा दंडक कितीतरी वर्षं होता. हिगिन्स यांच्या वेळापत्रकाने गेलं तर तिसऱ्या आठवड्यातच ही मर्यादा संपते. म्हणजे जी मात्रा लागू पडते हे सिद्ध झालेलं, ती देणं बेकायदा होतं, आणि जी देता येई ती बहुधा लागू न पडणारी. एक संस्था मात्र या कचाट्यातून सुटली. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी 2011 पासून पेट्री यांच्या पद्धतीचं प्रशिक्षण घेऊन देशभर ती सुरू केली. बक्षिसं म्हणजे रुग्णालयाच्याच कँटीनची कूपनं. तिथे दिलेल्या नमुन्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्वच्छ निघाले. अर्थात जे आलेच नाहीत त्यांचे नमुने त्या आकड्यात नाहीत.

दरम्यान रस्त्यावरच्या कोकेनमध्ये फेंटानिल हे जहाल अफूसदृश औषध मिसळलेलं सापडू लागलं होतं आणि कोकेनमुळे मरणाऱ्यांचा आकडा चढत होता. डिसेंबर 2021 मध्ये कॅलिफोर्नियाला गरिबांच्या आरोग्यविम्यातून ही बक्षिसं देण्याची केंद्राची परवानगी मिळाली, तसं करणारं ते पहिलं राज्य. 2023 मध्ये तिथल्या काही काउंट्यांमध्ये काम सुरू झालं. चोवीस आठवडे, पहिल्या स्वच्छ नमुन्याला दहा डॉलर, मग चढती भाजणी. डॉलर भेटकार्डातून मिळतात. वर्षाची कमाल रक्कम ठरवताना कुणी संशोधकांच्या चाचण्या समोर ठेवल्या नाहीत. ती 599 डॉलर ठरली, कारण तेव्हा सहाशे झाले की आयकर खात्याला कळवावं लागे.